एमलेनचा पाहुणचार

एमलेनच्या दारावरून उपाशी जाता येत नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतो. माझी पावाची भट्टी तिच्या घराला चिकटून आहे. म्हणजे इतकी चिकटून, की तिच्याकडे कुणी भिंतीला टेकून बसलं की माझ्याकडची परात हलते. दिवसभर पिठात कोपरापर्यंत हात घालून बसणाऱ्या माणसाला खायला बोलवायचं काही कारण आहे का? पण मी दारात दिसलो, की तिची हाक आलीच.

"ए पाववाल्या, ये, खाऊन जा!"

"अगं, पावच भाजतोय मी."

"मग भूक लागली असेल. ये."

या वादात मी आजवर जिंकलेलो नाही. माझं पोट पाहिलंत तर निकालाची खात्री पटेल.

आमच्या इबाय बेटावर जागा सोडून सगळं आहे. बेटाच्या एका टोकाला भांडण सुरू झालं, की त्याची बातमी दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ते मिटलेलंही असतं, आणि दुसऱ्या टोकाचे लोक उगाच तापून बसतात. घरं अशी, की कुणाचं छप्पर कुठे संपतं हे फक्त मांजरांना ठाऊक. अशा ठिकाणी शहाणा माणूस दार अर्धं लोटून जेवतो. एमलेननं दारच काढून ठेवलं होतं. ते तिच्याकडे ताटं मांडायचा पाट म्हणून वापरात होतं.

एकदा तिच्या दोरीवरची चप्पल घेऊन एक पोरगा पळाला. घाईत एकच हाती लागली होती. हिनं त्याला मागून हाक मारली, दुसरी चप्पल दिली, आणि वर उकडलेला नीरफणस दिला. तो पोरगा पुढे तिला बघून रस्ता बदलायचा. चोराला एवढी लाज आणणं बरं नव्हे. दुसऱ्या एका पंथाचा प्रचारक तिला आपल्या बाजूला ओढायला आला होता. भात झाला, खारवलेला कुपा मासा झाला, खोबऱ्यातला भोपळा झाला, आणि तिसऱ्या वाढपाला तो कशासाठी आला होता हे त्याला आठवेना. अजून तो दर रविवारी स्वतःची प्रार्थना उरकून तिच्याकडे जेवायला येतो. कोण कुणाच्या बाजूला ओढलं गेलं ते तुम्हीच ठरवा.

घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. त्यात एमलेन, तिचा नवरा किंजो, मुलगी रोस्टीना, दोन मुलगे, त्यांच्या बायका, त्यांची पोरं, किंजोचा भाऊ आणि एक गृहस्थ, ज्यांचं नाव नक्की कुणालाच सांगता यायचं नाही. ते एका नातवाच्या पहिल्या वाढदिवसाच्या जेवणाला आले होते. त्या नातवाचे आता दुधाचे दात पडायला लागले. शेजारच्या लष्कराच्या बेटावर कामाला, दिवसपाळीला जाणारे संध्याकाळच्या फेरीबोटीनं परतायचे, रात्रपाळीचे त्याच बोटीनं जायचे, आणि चटई काही थंड व्हायची नाही. झोपेत कूस बदलायची तर सगळ्या ओळीनं एकमतानं बदलायची, असा त्या घराचा कायदा होता.

रोस्टीना त्या घरातलं माझं आवडतं माणूस. विशीतली पोर, काटकुळी, आणि नकला अशा करायची, की मूळ माणूस तिच्यापुढे खोटा वाटावा. फेरीच्या धक्क्यावरचा पिशव्या तपासणारा शिपाई, गाताना डोळे मिटून भलत्याच सुरात जाणारा चर्चचा पाळक, आणि मी. माझी नक्कल ती पिठाचा हात कपाळाला लावून करायची. मी रागावलो की माझ्या रागाचीही करायची. केवड्याच्या पातीच्या चटया विणण्यात तिचा हात धरणारं बेटावर कुणी नव्हतं.

तिला छातीचा आजार जडला. दवाखान्यातली नर्स रोज समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावायची. डॉक्टरनं बजावलं होतं, "गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. आणि हिला वेगळी खोली द्या. खिडकी उघडी ठेवा. एवढ्या माणसांत झोपली तर ही बरी होणार नाही आणि बाकीचे धड राहणार नाहीत."

वेगळी खोली! त्यानं चंद्र आणा म्हटलं असतं तरी किंजोनं निदान वर मान करून बघितलं असतं. तरी त्यानं छपरावर फळ्या ठोकून एक खुराड्यासारखी खोली केली. पहिल्या वादळी वाऱ्यानं ती उचलून पाळकाच्या अंगणात नेऊन ठेवली. पाळकानं ती देवाची देणगी समजून तिच्यात कोंबड्या ठेवल्या.

"बघ बाबा," रोस्टीना म्हणाली, "कोंबड्यांना मिळाली की नाही वेगळी खोली? त्यांना खोकला होता का?"

"तू गप्प बस."

"गप्पच असते मी. खोकते फक्त. आणि ते बरंच आहे. मी खोकले की सगळे जागे होतात, कूस बदलतात. कुणाचं अंग आखडत नाही."

एमलेन हसली नाही. ती त्या दिवसांत घरातल्या घरात जागा शोधायची. हाताच्या वितींनी भिंत मोजायची, जणू मोजली की वाढेल.

अशात बातमी आली. परदेशातली एक संस्था, समुद्रात दगड टाकून केलेल्या लांब रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, थोडी पक्की घरं बांधून देणार होती. दोन-दोन खोल्यांची, जाळीच्या खिडक्यांची. ज्या घरात सगळ्यात जास्त गर्दी आणि वर आजारी माणूस, त्याला आधी. संस्थेची माणसं स्वतः येऊन बघणार, डोळ्यांनी. नगरपालिकेचा ॲल्डन हे सांगत गल्लोगल्ली फिरला आणि एमलेनच्या दारात येऊन म्हणाला, "मावशी, तुझं घर म्हणजे जिंकलेली पैज. त्यांनी आत नुसतं डोकावलं तरी पुरे."

"डोकावतील कशाला? बसतील, खातील."

किंजो बायकोला पुरता ओळखून होता. तो तसा अबोल माणूस. लष्कराच्या खानावळीत भांडी घासून घासून त्याचं बोलणंही धुऊन गेलं होतं. पण त्या संध्याकाळी तो बोलला. मी भिंतीपलीकडे होतो, म्हणजे त्यांच्यातच होतो.

"एमलेन, त्या दिवशी एकच कर. काही करू नकोस."

"म्हणजे काय?"

"झाडू नकोस, पुसू नकोस, रांधू नकोस. सगळ्यांना घरात बसव. पोरांना अंघोळ घालू नकोस. रोस्टीनाला मधोमध बसव."

"पाहुण्यांसमोर?"

"ते पाहुणे नाहीत. तपासायला येताहेत."

"माझ्याच घरात येणार ना? मग?"

"पोरीसाठी म्हणतोय मी."

यावर तिनं पातेल्यावर झाकण आपटलं. मग म्हणाली, "बरं. नाही करत काही." आणि तिनं ते मनापासून म्हटलं होतं, याबद्दल मला अजूनही शंका नाही.

संस्थेची माणसं येणार त्या दिवशी किंजो सकाळच्या बोटीनं कामाला गेला. जाताना माझ्या भट्टीत डोकावून म्हणाला, "लक्ष ठेव." एमलेनवर लक्ष ठेवणं म्हणजे भरतीवर लक्ष ठेवण्यासारखं. बघता येतं, एवढंच.

सुरुवात चटयांपासून झाली. "नुसत्या उन्हात टाकते," ती म्हणाली. चटया बाहेर आल्यावर खालची जमीन दिसली, आणि जमीन दिसल्यावर झाडणं आलं. झाडल्यावर पुसणं. पुसलेल्या जमिनीवर परदेशी माणसं कशी बसणार, त्यांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून चर्चमधून खुर्च्या. खुर्च्या आल्या तर मध्ये टेबल नको? टेबल समोरच्या नेइमोनकडचं. टेबल रिकामं बरं दिसतं का? थोरला मुलगा खडकावर गेला आणि शेवंडी घेऊन आला.

मी म्हटलं, "एमलेन, किंजोनं काय सांगितलं होतं?"

"तू पाव किती देतोस ते बोल. गोड दे. आणि गरम."

"अगं, घराचं काय?"

"घर दाखवायचंच आहे ना? मग घाणेरडं दाखवू?"

आता खुर्च्या, टेबल आणि शेवंडी मांडल्यावर त्या खोलीत माणसांना जागाच उरली नाही. मग तिनं घरातल्या सगळ्यांना, त्या बेनाव गृहस्थांसकट, गल्लीपलीकडे नेइमोनकडे पाठवलं. "जरा बसा तिकडे, पाहुणे जाईपर्यंत." नेइमोन म्हणजे तिच्या निम्म्या वयाची बाई, सैल स्वभावाची, घरात मोजकी माणसं. इतक्यांना कुठे बसवू, असं तिनं विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत.

रोस्टीना सगळ्यात शेवटी निघाली. "आई, मला तरी राहू दे. आजारी मी आहे ना?"

"खोकशील बाळा, त्यांच्या ताटावर."

रोस्टीनानं माझ्याकडे पाहिलं. पिठाचा हात कपाळाला लावल्याची खूण केली. "बघितलंस पाववाल्या? घर माझ्यासाठी, आणि मीच घरात नको." आणि हसत, अंगाला चटई लपेटून गल्ली ओलांडून गेली.

पाहुणे आले. एक टोपीवाल्या बाई, दोन साहेब, आणि दुभाषा म्हणून ॲल्डन. एमलेननं त्यांच्या डोक्यावर फुलांचे मुकुट ठेवले, गळ्यात माळा घातल्या, अंगावर अत्तर शिंपडलं, शहाळी फोडली. पोरांची रडारड नाही, दोरीवर लंगोट नाही, दाराऐवजी आरपार वारा. टोपीवाल्या बाईंनी खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले आणि ॲल्डनला काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?" एमलेननं विचारलं.

ॲल्डन म्हणाला, "घर फार हवेशीर आहे म्हणतात."

"त्यांना म्हणावं, घर त्यांचंच आहे."

"मावशी, इथे माणसं किती राहतात ते विचारताहेत. नीट सांग हं. सगळी सांग."

"जेवताना माणसं काय मोजायची? आहोत आम्ही. आनंदात आहोत. तो मोठा तुकडा त्या साहेबांना दे, त्यांनी घेतलाच नाही."

"मावशी, अडचण काय आहे ते विचारताहेत. काही अडचण?"

मी दारात पावाची टोपली घेऊन उभा होतो. मी खाकरलो. ॲल्डननं तिच्या पायावर पाय दिला. तिनं दोघांकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू आम्ही भर पंगतीत ताट उपडं केलंय.

"अडचण कसली?" ती म्हणाली. "त्यांनी आणखी दहाजणं आणली असती, तरी इथे मावली असती."

बाईंना ॲल्डनचं थांबणं खपेना. तिनं काय म्हटलं, काय म्हटलं, असं त्यांनी तीनदा विचारलं, आणि शेवटी त्यानं ते जसंच्या तसं सांगून टाकलं. साहेबांनी ते लिहून घेतलं. जाताना बाईंनी उन्हात टाकलेल्या मोठ्या चटईवर हात फिरवला, छान आहे म्हणाल्या. एमलेननं ती तिथल्या तिथे गुंडाळून त्यांच्या हातात दिली. तिच्यावर रोज सहाजणं झोपायची.

तिथून ते गल्ली ओलांडून नेइमोनकडे गेले. तिथे दोन घरांची माणसं एका घरात कोंबलेली, गुडघ्याला गुडघा, पोरांवर पोरं. टेबल एमलेनकडे, पातेली एमलेनकडे, चटया वाळत. रांधलेलं काही नाही, कारण चूल पेटवायला कुणीतरी आधी उठून बाहेर जायला हवं होतं. टोपीवाल्या बाईंना पाऊल ठेवायला जागा मिळेना, आणि नेमकी त्या वेळी खिडकीशी बसलेली रोस्टीना खोकायला लागली. ती खोकायला लागली की बघणाऱ्याचा श्वास अडकायचा.

"हे सगळे इथलेच?" बाईंनी विचारलं.

नेइमोननं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस समोर बसलेला असताना हा आमचा नाही, असं कसं म्हणायचं? ती म्हणाली, "हो. सगळे आमचेच."

"ती मुलगीही?"

"तीही आमचीच."

बाई रडल्या. साहेबांनी टोपी नसलेल्या डोक्याला हात लावला.

महिन्याभरानं नावं लागली. घर नेइमोनला मिळालं.

किंजोनं बायकोवर आवाज चढवला नाही. बोटीवरून आला, हातपाय धुतले, आणि विचारलं, "शेवंड चांगली झाली होती का?" बस. त्यानंतर मी त्या भिंतीला कितीदा कान लावला असेल, पण तो तिच्याशी आपणहून बोलल्याचं ऐकलं नाही.

नेइमोन तोंड झाकून आली. "मावशी, मी मुद्दाम नाही गं केलं. मी ॲल्डनला सांगून येते, घर तुमचं आहे म्हणून." आणि खरंच गेली. ॲल्डन म्हणाला, आता कळवलं तर दोघींनी मिळून फसवलं असं होईल, आणि घर जाईल दुसऱ्याच बेटावर. तेव्हा नेइमोननं शपथ घेतली, की घरातली एक खोली रोस्टीनाची.

तिनं शब्द पाळला, हे मी कुणाहीसमोर सांगेन. घर उभं राहिलं, रोस्टीना तिथे गेली, जाळीच्या खिडकीशी झोपली. पण पक्कं घर मिळाल्याची बातमी रंग वाळायच्या आत बाहेरच्या बेटांवर पोचली. पहिल्याच जहाजानं नेइमोनची मोठी मावशी आली, पाठोपाठ तिच्या मुली, मुलींची पोरं, एक शिवणयंत्र आणि दोन डुकरं. त्यांना नाही कोण म्हणणार? नेइमोन तर नाहीच. आणि एमलेनला ते चूक वाटलं असतं, असंही नाही. ती त्यांच्यासाठी नीरफणस घेऊन गेली होती.

थोड्या आठवड्यांत रोस्टीना चटई काखेत मारून परत आली.

"काय गं?" मी विचारलं.

"तिकडे मी खोकले की परकी माणसं कूस बदलतात. त्यापेक्षा आपली बरी."

तोवर ती नकलाही बसून करायला लागली होती.

मग एमलेननं शेवटचा उपाय काढला. उजाए बेटावर तिच्या आईकडून आलेली जमीन होती. माडाची झाडं, वारा, आणि पाहिजे तेवढी रिकामी जागा. नर्स म्हणाली, तिथे गोळ्या गिळायला लावायला कुणी नाही, नको. पण डॉक्टरच म्हणाला होता ना, हवा? नर्सनं अखेर कित्येक महिन्यांच्या गोळ्या बिस्किटाच्या डब्यात भरून दिल्या आणि रोस्टीनाकडून शपथ घेतली, की रोज न चुकता घेईन. धक्क्यावर रोस्टीनानं त्या शपथेची, नर्सच्या आवाजासकट, अशी नक्कल केली की नर्ससुद्धा हसली. किंजो तिची पिशवी जहाजावर चढवून खाली आला आणि जहाज दिसेनासं झाल्यावरही तिथेच उभा राहिला.

रोस्टीनानं शपथ मोडली नाही. गोळ्या चुकवल्या नाहीत. पण उजाएला एक म्हातारा मामा खोकत होता. मावसभावाचा पोरगा खोकत होता. त्याला खोकताना बघून त्याची बहीणही खोकायची. सगळे सकाळी तिच्याभोवती बसायचे, आणि ती डबा उघडायची. आधी मामाला, मग पोरांना, उरलं ते स्वतःला. कधी अर्धी. पुढचं जहाज यायच्या कितीतरी आधी डबा रिकामा झाला. मामेबहिणीनं म्हणे तिला हटकलं होतं, की गोळ्या तुझ्या आहेत, तू घे. त्यावर ती म्हणाली, "एकटीनं कसं खायचं, सगळे बघत असताना?"

हे आम्हाला कळलं ते परतीच्या जहाजानं. ती गेल्याचं त्याआधी रेडिओवर कळलं होतं. तिला तिथेच, वाऱ्याच्या बाजूला पुरलं. आमच्याकडे भेटायला सगळी गल्ली लोटली, आणि एमलेननं सगळ्यांना जेवू घातलं. मी जेवलो. नाही म्हणायची छाती झाली नाही.

पुढच्या वर्षी टोपीवाल्या बाई पुन्हा आल्या, दिलेली घरं कशी चाललीत ते बघायला. नेइमोन घाबरून एमलेनकडे धावली. "मावशी, मला नाही गं जमत पाहुण्यांचं. तू येशील?" हे विचारताना तिला स्वतःलाच रडू फुटलं. एमलेन उठली, पातेली काढली. किंजो पडवीत होता. तो समुद्राकडे तोंड करून बसला. मी पाव घेऊन तिच्यामागून गेलो.

बाईंनी खोल्या पाहिल्या, शिवणयंत्र पाहिलं. बसल्या, खाल्लं. मग त्यांनी खिडकीकडे बघून ॲल्डनला विचारलं. ॲल्डन खाली मान घालून म्हणाला, "ती खोकणारी मुलगी कशी आहे, विचारताहेत. तिची फार आठवण येते म्हणतात."

नेइमोननं तोंड उघडलं. एमलेननं तिच्या हातावर हात ठेवला.

"ती उजाएला असते आता," एमलेन म्हणाली. "हवा फार चांगली आहे तिथे. मासा घ्या अजून, तुम्ही काहीच घेतलं नाहीत."

ॲल्डननं सांगितलं. बाईंनी छातीवर हात ठेवला, डोळे पुसले, आणि हसत हसत मासा वाढून घेतला.

त्यांची गाडी दगडी रस्त्यावरून दिसेनाशी झाल्यावर नेइमोन फुटली. "का नाही सांगितलंस गं मावशी? का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं?" एमलेन ताटं गोळा करत म्हणाली. "त्या रडल्या असत्या. आणि मग त्यांना समजवायला पुन्हा मीच."

नेइमोन जमिनीवर बसून रडायला लागली. एमलेननं तिला समजावलं नाही. ती मागच्या नळावर गेली आणि तिनं भांडी घासायला घेतली.